डेल्सीचा उजवा हात

डेल्सी कूट्स देवळात आनंदाने ओरडायची, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं. केंटकीच्या आमच्या डोंगरांतल्या जुन्या बाप्टिस्ट मंडळीत पेटी नाही, बाजा नाही. एक जण गाण्याची ओळ सांगतो आणि बाकीचे ती ओढून ओढून गातात. गाता गाता एखाद्या बाईच्या उरात काही मावेनासं होतं, मग ती उठते, हात वर करते आणि आरोळी देते. त्यात डेल्सीचा हात धरणारी दुसरी कुणी नव्हती.

आणि ओरडावं असं तिच्या आयुष्यात होतं तरी काय? सतराव्या वर्षी हॉबर्टशी लग्न झालं. एकच मुलगी झाली, तीही चार दिवसांची होऊन गेली. हॉबर्ट कोळशाच्या खाणीत जायचा, पुढे खाणच बंद पडली. मग उकडलेल्या शेंगदाण्याएवढं सुद्धा सुख नाही, रोज तेच घेवड्याचे दाणे नि मक्याचा पाव. मुलीला पुरून आल्यावर तिसऱ्या रविवारी ती बाई देवळात उठून ओरडली! लोक म्हणाले, हिचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "डोकं जागेवर आहे. पोरगी कुणाच्या मांडीवर आहे ते मला कळलं, म्हणून ओरडले."

पण पुरानंतर ती ओरडेनाशी झाली.

ओढा त्या दिवशी भर सकाळी चढला. घर गेलं, कोंबड्या गेल्या आणि हॉबर्टही गेला. डेल्सी तेवढी माडीच्या खिडकीला धरून वाचली. "पाण्याने ओढून नेला," एवढंच तिने सांगितलं. पाच मैल खाली सापडलेलं प्रेत हॉबर्टच्या थोरल्या बहिणीने, व्हर्नाने, ओळखलं. त्यानंतर डेल्सी सरकारने दिलेल्या, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहू लागली. देवळात यायची, मागच्या बाकावर बसायची, गाताना ओठ हलवायची. दीड वर्ष झालं. लोक म्हणायचे, दुःखाने खचली. कुणाला काय माहीत!

खरी गोष्ट अशी होती. डेल्सीच्या डाव्या हातात खिडकीची चौकट होती आणि उजव्या हातात हॉबर्टचा हात. चौकट कुरकुरली. एक खिळा निघालेला तिने डोळ्यांनी पाहिला. आणि तिने उजव्या हाताची बोटं उघडली. निसटला नाही हो, तिने सोडला. हॉबर्टने तिच्याकडे पाहिलंसुद्धा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, प्रार्थनेतही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ तिला आतून कुरतडत होती. ज्या हाताने नवरा सोडला, तो वर करून आनंदाने ओरडायचं कोणत्या तोंडाने?

आमच्याकडे वर्षातून एकदा प्रभुभोजन असतं. त्या दिवशी भाकर आणि द्राक्षारस झाला की आम्ही एकमेकांचे पाय धुतो, येशूने शेवटच्या जेवणाला पेत्राचे आणि बाकीच्या शिष्यांचे धुतले तसे. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. आदल्या शनिवारी मंडळीचे वडील, म्हणजे उपदेश करणारे ज्येष्ठ, उभे राहून विचारतात, "सगळे एकमेकांशी प्रेमाने आणि शांतीने आहात ना? कुणाच्या मनात काही सलत असेल तर आत्ता बोला." सलत असून जो गप्प राहिला, त्याने रविवारी भाकरीला हात लावू नये, असा आमचा रिवाज.

त्या शनिवारी वडिलांनी विचारलं. डेल्सीच्या पुढच्याच बाकावर व्हर्ना होती. डेल्सीच्या ओठांपर्यंत आलं. पण व्हर्नाला दुसरा भाऊ नाही आणि डेल्सीला व्हर्नाशिवाय दुसरं माणूस नाही. बोललं तर तीही जायची. डेल्सी मूग गिळून बसली.

बाहेर जेवणाच्या टेबलाशी व्हर्नाने तिला गाठलं. "काय गं, तू ओरडायचीस तेव्हा मला कानातलं यंत्र बंद करावं लागायचं. आता दीड वर्ष ते चालूच, बॅटऱ्या पटापट संपतात."

"वाईट झालं की, ताई. तुमचा खर्च वाढला."

"आग लागो त्या खर्चाला," व्हर्ना म्हणाली आणि तिच्या ताटात मक्याच्या पावाचा आणखी एक तुकडा टाकून निघून गेली.

रविवारी भाकरीचं ताट समोर आलं, तेव्हा डेल्सीने ते पुढे सरकवलं. व्हर्नाने मान वळवून पाहिलं. मग पाण्याची पातेली आली. व्हर्ना सरळ तिच्यासमोर येऊन बसली आणि मोजे काढून तिने पाय पुढे केले. आता नाही कसं म्हणणार? डेल्सीने लांब पंचा कमरेला बांधला आणि खाली बसली. व्हर्नाचा पाय हातात घेतला. अंगठा वाकडा, टाच रुंद, हुबेहूब हॉबर्टचा पाय.

"ताई," ती म्हणाली, "मी त्याला सोडला."

"काय?"

"हॉबर्टला. पाण्याने नाही ओढला. चौकट निघायला लागली, मला जगायचं होतं, मी हात सोडला. त्याने पाहिलं मला सोडताना."

भोवती बायका गात होत्या. व्हर्नाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बराच वेळ ती वरच्या तुळईकडे बघत राहिली. मग तिने पाय पातेल्यातून बाहेर घेतले. गेलं, संपलं सगळं, डेल्सीच्या मनात आलं.

मग व्हर्नाने हात पुढे केला. "पंचा दे इकडे."

"ताई, नको. माझी लायकी नाही."

"लायकी असलेल्यांचे पाय धुवायला मी आलेच नाही. बस म्हटलं ना!"

डेल्सी बाकावर बसली. व्हर्ना पंचाहत्तरीची. बाक धरून, कण्हत कण्हत ती गुडघ्यांवर टेकली. तिने डेल्सीचे पाय धुतले, आधी एक, मग दुसरा, मग पुसले. रिवाज इथे संपतो. पण व्हर्ना उठली नाही.

"कुठला हात होता?" तिने विचारलं.

डेल्सीने उजवा हात थोडासा उचलला.

"पेत्रानेही म्हटलं होतं प्रभूला, नुसते पाय नको, हातही धू." व्हर्नाने तो हात ओढून पातेल्यात घातला. एकेक बोट उघडून ती धुऊ लागली. तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून त्याच पाण्यात पडत होतं. "लहान होता ना गं तो माझ्यापेक्षा," ती म्हणाली. "मीच त्याला पोहायला शिकवायला हवं होतं. आम्हाला कुणालाच येत नव्हतं." पुढचं बोट उघडून म्हणाली, "राग आहे माझ्या मनात, खोटं नाही सांगत. उद्याही असेल. पण तुझ्यावर तो ठेवून मी प्रभूसमोर उभी नाही राहू शकत. आणि तू जगलीस हे मला बरं वाटतं. ऐकलंस? बरं वाटतं."

डेल्सीच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी तिला वाटलं हुंदका आहे. हुंदका नव्हता तो. दीड वर्ष दाबलेला तो जुना आनंद होता, दुःखासकट, पुरासकट, हॉबर्टच्या त्या शेवटच्या नजरेसकट. ती ओरडली. पुरुषांच्या बाजूचं गाणं थांबलं. तिचे दोन्ही हात वर गेले, आणि उजवा हात व्हर्नाने सोडलाच नाही, म्हणून तीही त्याच्याबरोबर ओढली जाऊन गुडघ्यांवरून उभी राहिली.