नखाच्या वेगाने

उपनगरातल्या एका कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं परिचर होतो. परिचर म्हणजे दगड पुसणारा माणूस. कपाटातले नमुने काढायचे, पुसायचे, सुटलेल्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, परत ठेवायचे. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लावायचो तेही मीच, आणि नंतर शिकवणाऱ्या मॅडमची बोलणी खात ते धुवायचो.

पण माझं खरं काम एका पेटीचं. लाकडी पेटी, पुढून काच, तळाला दोन फळ्या आणि बाजूला हँडल. हँडल फिरवलं की फळ्या एकमेकींपासून लांब सरकत. पेटीत मी बारीक वाळूचे थर भरायचो, मधे मधे रांगोळीच्या रंगांचे पट्टे. खंड कसे फुटतात ते मॅडम या पेटीवर शिकवायच्या. खालच्या उष्णतेने जमीन फुगते, मग ताणली जाऊन पातळ होते. वर भेगा पडतात. दोन भेगांमधला तुकडा खाली बसतो, तिथे दरी होते, दरीत तळी साचतात, आणि ताण चालूच राहिला तर कधीतरी समुद्र आत शिरतो. खालून वितळलेला खडक वर येऊन थिजतो, तोच नव्या समुद्राचा तळ. आपला पश्चिम किनारा असाच फाटून झाला, असं त्या सांगायच्या. आज पार आफ्रिकेकडे असलेली सेशल्सची बेटं तेव्हा आपल्याला चिकटलेली होती. आपल्या पायाखालचा काळा दगड त्याच काळातला. "आणि हे सगळं नख वाढतं त्या वेगाने, बरं का," हे त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य. मग मुलं आपापली नखं बघायची.

ते वाक्य मी उचललं. मी नववी नापास. आमचं कुटुंब कोकणातलं, बाप गिरणीत, काका गिरणीत, आणि त्यात मी एकटा कॉलेजात. तिथे काय करतो हे कुणी विचारत नसे. लग्नात, बारशाला मी दोन्ही हात पसरून खंड कसे फुटतात ते सांगायचो आणि लोक जेवायचं थांबून ऐकायचे. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस बघायचा असेल, तर तो मी.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही बाय म्हणतो, ती घाटकोपरला डोंगराच्या अंगावर राहायची. भावोजी गिरणी सुटल्यावर वॉचमनची रात्रपाळी करायचे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला. एका मे महिन्यात बायच्या मोरीमागे, चढाच्या बाजूला, जमिनीला भेग पडली. दर वर्षी पावसाआधी पालिकेची माणसं घरं रिकामी करा म्हणून नोटीस चिकटवून जायची आणि लोक ती वाचायचेही नाहीत. त्या वर्षी भावोजींनी वाचली. मानखुर्दला तात्पुरती खोली मिळत होती. त्यांनी ट्रंक भरून दाराशी आणून ठेवली. बाय मात्र अडून बसली. तीस वर्षांचा शेजार सोडून ती जायला तयार नव्हती. शेवटी रविवारी मला बोलावलं.

भेग बोटभर रुंद होती. चार घरांच्या मागून धनुष्यासारखी वळत गेलेली. मी उकिडवा बसलो, खडा टाकून बघितला, डॉक्टरसारखा गंभीर चेहरा केला. त्या चेहऱ्याची मला आजही किळस येते.

"मी म्हणतंय, हयसून जावया," भावोजी म्हणाले. "मानखुर्द तर मानखुर्द. तू काय म्हणतस?"

"त्याका इचारा ना," बाय म्हणाली. "तो कॉलेजात दगडांतच असता."

मी उठलो, हात झटकले. "भावोजी, हो डोंगर कोटी कोटी वर्षां उभो हा. दगड सरकता तो नखाच्या वेगान. तुमची नातवंडां म्हातारी होतली तरी ही भेग हयच असतली."

भावोजी "बरा," म्हणाले. ट्रंक परत माळ्यावर गेली. संध्याकाळी त्यांनी सिमेंट कालवून भेग बुजवली.

सोमवारी मॅडम चहा पीत बसल्या होत्या. विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं असतं तर मला काही येत नाही हे त्यांना कळलं असतं, म्हणून नाही विचारलं. त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ही गोष्ट वेगळी.

आणि माझ्या हातांना तर सगळं ठाऊक होतं. ते हँडल मी वर्षानुवर्षं फिरवलं होतं. दहा फेरे फिरवा, वीस फिरवा, वाळू ढिम्म हलत नाही. वर नुसती एक बारीक रेघ उमटते. मुलं जांभया देतात. आणि मग अर्ध्या फेऱ्यात मधला तुकडा खाली बसतो. मी शेकडो वेळा बघितलं होतं की तो हळूहळू बसत नाही. तरी डोंगरावर उभं राहून मी नखाचं वाक्य म्हटलं, कारण ते ऐकायला चांगलं वाटायचं.

जुलैत तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. सकाळी अकराच्या सुमाराला बाय सुके बांगडे आणायला खाली बाजारात गेली होती. भावोजी ड्यूटीवरून येऊन झोपले होते. भेगेखालची चारही घरं जमिनीसकट खाली गेली. भावोजींना संध्याकाळी काढलं. मी तिथेच उभा होतो.

नंतर मॅडम म्हणाल्या, "अरे, तो खडक नव्हताच. वर मुरूम होता आणि लोकांनी टाकलेला भराव. त्याला नखाचा हिशोब कसा लागेल?" त्या हे हळू आवाजात म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाराव्याला माणसं जमली. कुणीतरी विचारलं, नोटीस होती तर निघाला का नाहीत? मी मान खाली घातली. आता बाय बोलणार, याची वाट बघत होतो. बायने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "ह्यो माझो भाव सांगून गेलेलो, हयसून निघा म्हणान. ह्यांनी आयकल्यानी नाय."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने मला वाचवलं की स्वतःला, हे मी अजून विचारलेलं नाही. बोलायला मला तेव्हा एक क्षण मिळाला होता. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, "तू तुझं काम केलंस रे," आणि मी गप्प बसलो.

भाचा हल्ली कांजूरला माझ्याकडे येतो. बापाचा फोटो त्याने घरात लावलेला नाही. हट्टी माणूस होता, म्हणतो. गेल्या दिवाळीत तो पाया पडला आणि म्हणाला, "मामा, तुझं ऐकलं असतं ना पप्पांनी, तर आज जिवंत असते." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होय रे."