नळीवरची तिसरी कडी

शेजारी बंदूक दुरुस्तीचं दुकान असलं, की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. ते आपणहून येतात, बाकावर बसतात आणि वर चहाही मागतात! लाखनीला हायवेवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून गजूभाऊचं बंदूक दुरुस्तीचं. रानडुकरांपासून धान राखायला इकडच्या काही शेतकऱ्यांकडे आजोबांच्या काळातल्या परवान्याच्या एकनळी बंदुका आहेत. एका वेळी एकच काडतूस. बंदूक गजूभाऊकडे, परवान्याची झेरॉक्स माझ्याकडे आणि गप्पा दोघांच्या मधल्या बाकावर.

या बाकाचा खरा मानकरी म्हणजे शहापूरकडचा नीलकंठ. त्याच्याचपासून सुरू करतो.

*

नीलकंठ पहिल्यांदा आला तो एसटीनं, बंदूक पोत्यात गुंडाळून. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टरनं विचारलं, "काका, पोत्यात काय आहे?"

आता खोटं बोलणं नीलकंठच्या रक्तातच नाही. तो म्हणाला, "बंदूक."

क्षणात त्याला खिडकीची जागा मिळाली! शेजारची सीटही रिकामी. लाखनीला उतरताना तर दोघांनी हात देऊन उतरवलं.

हे ऐकून गजूभाऊ कपाळावर हात मारून म्हणाला, "अन् मी आजलोक खिडकीतून रुमाल टाकून राहिलो!"

*

त्या दिवशी नीलकंठ मात्र हसला नाही. परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासणी झाली होती आणि साहेबांनी बंदुकीवर बोट ठेवलं होतं.

बंदुकीला पट्टा लावायला खालून दोन कड्या असतात, एक दस्त्याला आणि एक नळीला. नीलकंठच्या बंदुकीला तिसरी कडी होती. तीही वरून, नळीच्या बुडाशी, बरोबर जिथून नेम धरायचा तिथं! म्हणजे डुकरावर नेम धरला की आधी कडी दिसणार, मग जमलं तर डुक्कर.

साहेब म्हणाले होते, "ही कडी कशाची ते सोमवारी येऊन सांगा. नाही सांगता आलं तर बंदूक जमा करावी लागेल."

कडी काढून टाकावी म्हटलं, तर गजूभाऊ एकदम उखडला. "पक्की झाळली आहे. काढाची म्हणजे नळी लाल होईस्तोर तापवा लागते. मंग त्या नळीतून बार तुम्हीच काढजा, मी तुमसरले पाहुणा जातो!"

इकडे नीलकंठचा धान लोंबीवर आलेला. शेतातल्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले दोन तुकडे, डुकरांनी आधीच लोळवल्या होत्या. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "आता डुकरायले काय सांगू? सोमवारलोक थांबा म्हणून?"

मला त्याची फार दया आली. हसूही आलं, पण ते मी झेरॉक्स मशीनमागे जाऊन उरकलं.

*

दुसऱ्या दिवशी वरठीचा राजेंद्र मोटरसायकलवर आला. स्टील प्लांटमध्ये फिटर आहे, बोलण्यापेक्षा मोजण्यावर भरवसा जास्त. त्याच्या आजोबांच्या बंदुकीलाही अशीच कडी! मग काय, दुकानात संशोधन सुरू झालं.

राजेंद्रनं टेप लावला. "गजूभाऊ, गंमत पाहा. वरच्या कडीपासून खालच्या दोनही कड्या सारख्याच दूर आहेत. हे उगाच नाही."

गजूभाऊला धीर कुठला? "समजलं मले! रात्रीची जागल कराले ही कडी आहे. यात बॅटरी बसवत असतील!" असं म्हणून त्यानं ड्रॉवरमधली बॅटरी कडीत घुसवली. बसली, अगदी मापात. मग निघेचना! तेल लावलं, साबण लावला, दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. बॅटरी मात्र सासरी रुळलेल्या सुनेसारखी घट्ट.

नीलकंठ बंदुकीकडे बघत हळूच म्हणाला, "साहेबाले एकच वस्तू समजत नव्हती. आता दोन झाल्या."

*

बॅटरी शेवटी कापून काढली आणि जाणत्या माणसांना विचारायचं ठरलं. हीच आमची चूक. आमच्या या झाडीपट्टीत माणूस एकवेळ जेवण नाही म्हणेल, पण "माहीत नाही" म्हणणार नाही. जितकी तोंडं तितक्या कड्या!

एक गृहस्थ म्हणाले, ही जुन्या मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची खूण. दुसरे म्हणाले, यात मोरपीस खोचून नवरदेवापुढे बंदूक मिरवायचे. दोघांनीही हे "आपल्या डोळ्यानं" पाहिलेलं होतं, आणि चहा पिऊन झाल्यावर दोघांचं त्यावरून वाजलं.

राहिले डोमाजी, नीलकंठचे काका. ते पुतण्यासोबत रोज येत आणि बाकाच्या टोकाला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसत. गजूभाऊनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काकाजी, ह्या कडीनं शिकार कशी करत होते?"

डोमाजींनी शांतपणे उत्तर दिलं, "शिकार? मी त बा या बंदुकीले कधी बार करतानाच पाहिलो नाही."

सगळे हसले. बंदूक आणि बार नाही! म्हातारपण, दुसरं काय.

*

शनिवार उजाडला. नीलकंठनं बंदूक जमा करायची मनाची तयारी केली होती. गजूभाऊनं शेवटचा हात म्हणून ती साफ केली आणि वाळायला त्या तिसऱ्या कडीतूनच छताच्या हुकाला अडकवली. बंदूक सरळ आडवी राहिली, कुठं झुकली नाही. जेवायची वेळ झाली म्हणून राजेंद्रनं नळीच्या कडीला आपला डबा लटकवला. बंदुकीचं तोंड खाली गेलं. ते सावरायला गजूभाऊनं दस्त्याच्या कडीला आपला डबा लटकवला.

बंदूक पुन्हा सरळ!

आम्ही सगळे तोंडाचा आ करून बघत राहिलो. राजेंद्र ओरडला, "अरे, हा त तराजू आहे!"

"तराजूच न," बाकाच्या टोकावरून डोमाजी म्हणाले. "गावच्या बोडीतलं पानी आटलं का मच्छी वाटाची राहे. दोन टोपल्या दोनीकडे बांधाच्या, अन् घरोघरचा हिस्सा तोलाचा. मीच धरो ना कडीतली काठी!"

गजूभाऊ जवळजवळ किंचाळला, "मंग काकाजी, इतके दिवस काहून नाही सांगितलं?"

"तुमी शिकारीचं इचारून राहिले होते," डोमाजी म्हणाले आणि खर्रा तोंडात टाकला.

*

सोमवारी आम्ही सगळेच तपासणीला गेलो. माझं तिथं काहीच काम नव्हतं, पण दुकान बंद ठेवून गेलो. असा शो कोण सोडतो!

नीलकंठ आणि राजेंद्रनं रिकाम्या बंदुकीच्या कडीतून काठी घातली आणि दोन बाजूंनी उचलून धरली. गजूभाऊनं दोन टोकांना चिन्नोर तांदळाच्या एकेक किलोच्या पिशव्या लटकवल्या. बंदूक साहेबांच्या टेबलावर अशी स्थिर आडवी राहिली, की शेजारच्या टेबलावरची माणसंही उठून आली. साहेबांनी स्वतः एक पिशवी काढून पाहिली, परत लावून पाहिली, मग पुन्हा काढून पाहिली. लहान पोरासारखे रमले होते!

हसत हसत त्यांनी सही केली. नीलकंठनं परवाना दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगतो, माझ्याही.

आम्ही निघालो, तेवढ्यात साहेबांना राहवलं नाही. त्यांनी डोमाजींना थांबवलं.

"आजोबा, एक सांगा. गावात साधा तराजू नव्हता का हो?"

"होता न साहेब," डोमाजी म्हणाले. "पन त्या तराजूसंग लोक भांडत होते."