कौसामावशीचा माल

"प्लास्टिक ते प्लास्टिक, त्यात काय एवढं?" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. सोनं आणि पितळ एकाच भावाने घ्याल का, असं विचारावंसं वाटतं. पण मी गप्प बसतो. पंधरा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी स्वतः बोललो होतो, आणि ज्या बाईसमोर बोललो तिने माझी चांगली जिरवली होती.

ती बाई म्हणजे कौसाबाई. राहायला बदलापूर गावात. नवरा रघुदादा घरची थोडी भातशेती बघायचा आणि ही रोज अंबरनाथला कैलासशेठच्या युनिटवर यायची. तिथे भंगारातलं प्लास्टिक धुऊन, दळून, वितळवून त्याचा दाणा करतात. दळण्याआधी जातीजातीचं प्लास्टिक वेगळं काढावं लागतं, ते काम तिचं. मी उल्हासनगरचा, कॅम्प तीनला जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत माझा छोटा गाळा. नवीनच मोल्डिंग मशीन घेतली होती आणि डबे काढायला दाणा बघायला गेलो होतो.

माझं वाक्य ऐकून ती उठली नाही की रागावली नाही. ढिगातून एक कंगवा उचलला आणि फरशीवर टाकला. टण्ण असा आवाज आला. मग एका डब्याचं झाकण टाकलं, त्याचा नुसता धप्प.

"दोगांचा आवाज येक हाय का?"

"नाही."

"मंग माल येक कसा?"

त्या दिवशी तिने मला तासभर बसवून घेतलं. कंगव्याचं ते कडक प्लास्टिक वाकवलं की काडकन मोडतं, आणि जाळलं की काळी काजळी सोडतं. शॅम्पूच्या बाटलीचं झाकण शंभर वेळा उघडमिट केलं तरी बिजागरीत तुटत नाही, ते पीपी. तेलाचा कॅन हाताला मेणचट लागतो, नखाने ओरखडा उठतो आणि जळताना विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो, तो एचडी. दुधाची पिशवी त्याच्याच घरातली, पण मऊ आणि ताणली जाणारी. कंगवा सोडला तर ही सगळी मंडळी पाण्यावर तरंगतात. पाण्याची बाटली आणि नळाचा पाइप मात्र दोघेही बुडतात, आणि तिथेच नवखा फसतो. बाटलीच्या मालात पाइपाचे दोन तुकडे जरी गेले तरी वितळवताना सगळा घाणा पिवळा पडतो. पाइप ज्योतीतून बाहेर काढला की विझतो, आणि त्याचा धूर डोळ्यांत झोंबतो. नायलॉन जळलं की केस जळल्याचा वास. हे सगळं शिकवून झाल्यावर म्हणाली, "आता जा. शिकलेला दिसतोस, पन काय येत नाय तुला." मला राग आला होता. आता हसू येतं.

पुढे मी तिला मावशी म्हणू लागलो. मीच काय, दाणा घेणारे सगळेच म्हणायचे. गोणीवर काही छाप नसायचा, पण उचलण्याआधी माणूस एकच प्रश्न विचारायचा, "कौसामावशीचा माल ना?" हो म्हटलं की विषय संपला. कोणी तुकडा जाळून बघायचं नाही, पाण्यात टाकून बघायचं नाही. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईच्या शब्दावर आमच्या मशिनी चालायच्या, आणि तिला त्याचा अभिमान होता. का नसावा? आमच्यातल्या किती जणांच्या नावावर कोणी डोळे मिटून माल उचलतं?

तिच्या कामातला सगळ्यात अवघड भाग वेगळाच होता. खायच्या तेलाचा कॅन आणि औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा रसायनाचा कॅन, दोन्ही एकाच जातीचे. दोघांवर नखाचा ओरखडा तसाच उठतो, दोघेही तरंगतात, जळतातही सारखेच. लेबलं तर भंगारवाल्याकडे येईपर्यंत गळून गेलेली असतात. आत काय होतं हे एकट्या नाकाला कळतं. मावशी बूच उघडायची, एकदा हुंगायची आणि कॅन डावीकडे किंवा उजवीकडे फेकायची. डावीकडचा दाणा डब्यांना, उजवीकडचा कुंड्यांना आणि वायरीच्या पाइपांना. पुन्हा वापरलेल्या प्लास्टिकच्या डब्यात खायचं ठेवू नये, हे मलाही ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक ठेवतं, दुकानदार विकतो, आणि आम्ही विचारत नाही.

मागच्या गणपतीत तिला ताप आला. ताप गेला, तो वास घेऊन गेला. भाजी करपलेली कळेना, चुलीवरचं दूध उतू गेलेलं कळेना. डॉक्टर म्हणाला, येईल परत. वास काही परतला नाही. तिने हे कोणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कान होते, नखं होती, चाळीस वर्षांची नजर होती. बाकीचं निवडणं बिनचूक चालू राहिलं. कॅनचं बूच उघडून ती पूर्वीसारखीच हुंगायची, आणि रंग, आकार, बुडाशी राहिलेला चिकटपणा बघून अंदाजाने फेकायची. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं.

डिसेंबरात तिच्या मुलाचं, महेशचं लग्न झालं. सून अक्षदा, हसरी पोरगी. पहिली संक्रांत म्हणून हळदीकुंकवाचा बेत मोठा होता. वाणाचे डबे माझ्याकडून, असं मी आधीच सांगून टाकलं होतं. चाळीस डबे, पोपटी रंगाचे, घट्ट झाकणाचे. दाणा अर्थातच मावशीच्या हातचा. तिला फार आनंद झाला. आपण निवडलेला माल आपल्या सुनेच्या हातून वाण म्हणून जाणार, हे तिने युनिटवर सगळ्यांना सांगितलं.

संक्रांतीला दुपारी अक्षदा डब्यांत तिळगूळ भरत होती. एका डब्याला नाक लावून म्हणाली, "आई, याला कसला तरी औषधासारखा वास येतोय."

मावशीने डबा घेतला, हुंगला. तिला काहीच येत नव्हतं. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की पोरी, तुला येतो ना, मग ठेव बाजूला. पण सून नवी, घरात पाहुण्या बसलेल्या आणि सगळ्यांचं लक्ष मावशीकडे. ती म्हणाली, "नव्या डब्याला येतोच. चाळीस वर्स मीच निवडते ना हा माल? भर तू."

बायका आल्या, हळदीकुंकू झालं, डबे गेले. तिसऱ्या दिवशी शेजारची गोदूबाई आली. तिच्या नातीने तिळगूळ खाल्ला आणि ओकून ओकून बेजार झाली होती. आता बरी होती, पण गोदूबाईने डबा मावशीच्या पुढ्यात ठेवला. "हुंगून बग गं."

मावशीने हुंगला नाही. ती उठली आणि डबे गोळा करायला निघाली.

दिलेलं वाण परत मागायचं नसतं. आम्हा सिंध्यांकडे हळदीकुंकू नसलं तरी एवढं मलाही माहीत आहे. नव्या सुनेच्या पहिल्या वाणाचं तर नाहीच नाही. रघुदादा संतापला, अक्षदा रडली. मावशी तरीही घरोघर फिरली. प्रत्येक दारात तिने एकच सांगितलं, "डबा दे. माझं नाक गेलंय, मना कळला नाय." कोणी दार लावून घेतलं, कोणी अपशकुन म्हणून बोटं मोडली. दोन डबे मिळाले नाहीत, बाकीचे मिळाले. मग कैलासशेठला जाऊन सांगितलं, की यापुढे कॅनला मी हात लावणार नाही, आणि आधीचा माल ज्यांच्याकडे गेला त्यांना कळव.

शेवटी ती माझ्याकडे आली. डब्यांची गोणी टेकवली आणि स्टुलावर बसली. तिचं सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो, "मावशी, माणूस आहे, चूक होते. एवढं काय मनाला लावून घेता?"

"माझी चूक मी सांगून आले. आता तुना येक इचारते, नरेंद्र. दाणा तापला का वास दुप्पट उठतो. मशीनपाशी तू उभा व्हतास. तुना आला व्हता ना?"

आला होता. पहिल्याच डब्याला आला होता. डोळे चुरचुरले म्हणून मी पंखा लावला आणि एक उदबत्ती पेटवली होती.

"आला होता," मी म्हणालो. "पण तुमचा माल म्हटल्यावर मी शंका नाही घेतली."

तिने गोणीतला एक डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाली, "तेवाच बोलला असतास तर मना कळलं असतं रे, नाकासंगती माझं किती गेलंय ते."

ती गेल्यावर मी ते अडतीस डबे मोजून ठेवले. मावशीवर विश्वास होता म्हणून गप्प बसलो, असं मी अजूनही लोकांना सांगतो. खरं म्हणजे दाणा मशीनमध्ये ओतून झाला होता, आणि तो परत काढायचा मला कंटाळा आला होता.