डावीकडची गाडी

सलग तीन महिने सराव केला, की माणूस कुठल्याही गोष्टीत तरबेज होतो. मी झालो.

कात्रजच्या आमच्या सोसायटीत बॅडमिंटनची स्पर्धा जाहीर झाली. आमच्या सईला मैत्रिणीबरोबर, रियाबरोबर, डबल्स खेळायचं होतं.

"पोरीटोरींचं काम नाही ते! बाबाबरोबर खेळ. कप घरात आलाच म्हणून समज," मी म्हणालो. (कॉलेजात मी चॅम्पियन होतो. म्हणजे होस्टेलचा. म्हणजे आमच्या मजल्याचा.) बिचारीने रियाला 'नाही जमणार' म्हणून सांगितलं.

सराव पार्किंगमध्ये. समोर सई, माझ्या डाव्या हाताला गोखलेकाकांची कोरी गाडी आणि वर गॅलरीत खुद्द काका. शटल डावीकडे वळलं, की वरून आरोळी, "गाडी!" मी जागच्या जागी थांबायचो.

"अहो काका, नाही लागणार."

"लागल्यावरही हेच म्हणाल."

पुढे पुढे काकांना ओरडावंही लागेना. शटल डावीकडे आलं, की माझी रॅकेट आपोआप खाली!

स्पर्धा क्लबहाउसच्या कोर्टवर होती. समोर कोण? रिया आणि तिची आई! मी ऐटीत सर्व्हिस केली. शटल परत आलं ते माझ्या डावीकडे. मी रॅकेट खाली घेतली आणि त्याला अदबीने पडू दिलं.

"बाबा, मार ना!"

"हो हो, अंदाज घेतोय."

दुसऱ्यांदाही अंदाजच घेतला. तिसऱ्यांदा रियाच्या आईच्या लक्षात आलं. (बाई शाळेत गणित शिकवतात.)

"रिया, सगळं सईच्या बाबांच्या डावीकडे टाक गं," त्या शांतपणे म्हणाल्या.

दहा-शून्य! सई रडकुंडीला आली. "बाबा, प्लीज! तिथे काहीच नाहीये!"

ते मलाही दिसत होतं. पोरीचा चेहरा बघवत नव्हता, पण हात ऐकेल तर शपथ! शेवटी दात-ओठ खाऊन मी डावीकडे रॅकेट उचलली, तोच प्रेक्षकांतून गोखलेकाका सवयीने ओरडले, "गाडी!" आणि मी दोन्ही हात पसरून शटलला आडवा गेलो. ते थेट नाकावर बसलं.

हरलो. काका तेवढे मुद्दाम हात मिळवायला आले. "तीन महिने झाले, गाडीवर एक ओरखडा नाही. याला म्हणतात सराव!"

सई आता रियाबरोबर पार्किंगमध्ये खेळते. मलाही तिने संघातून काढलेलं नाही. दोघी खेळत असतात, तेव्हा मी गाडीसमोर हात पसरून उभा असतो. आजवर एकही शटल सुटलेलं नाही!