कुणाच्या गटाचा युजर?

पेठ वडगावच्या बाजूला एका गावात दूध संस्थेचा संगणक बसवायला गेलो होतो. शिवाजी पेठेत बसून मी हाच धंदा करतो: यंत्रं बसवायची आणि नंतर माणसांची समजूत काढत बसायचं.

सॉफ्टवेअर चढवलं, तसा त्या सॉफ्टवेअरनेच स्वतःपुरता एक युजर तयार केला आणि दूध संकलनाच्या सगळ्या फाइली त्याच्या मालकीच्या केल्या. पद्धतच तशी असते. या युजरला पासवर्ड नसतो, लॉगिन करता येत नाही. प्रोग्रॅम त्याच्या नावाने चालतो, एवढंच. चेअरमन पडद्यावर वाकून बघत होते.

"ह्यो कोण?"

"कुणी नाही साहेब, सिस्टिमचा युजर."

"कुणाच्या गटाचा?"

संगणकात प्रत्येक युजर कुठल्यातरी गटात टाकावा लागतो; याचा गटही त्याचाच असतो, असं मी बोलून गेलो. झालं! आपल्या संस्थेत परस्पर नवा गट उभा राहिला म्हणून साहेबांचं डोकंच फिरलं. इमारतीवर, टँकरवर, पाण्याच्या टाकीवर त्यांचंच नाव होतं. "समदं माझ्या नावावर करा. बाकी कुणाचा हात लागता कामा नये." मी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. संचालक मंडळाने माना डोलावल्या, त्या साहेबांच्या बाजूने. चरफडत मी तसं करून दिलं आणि तिथेच मुक्काम केला.

सकाळी संकलन सुरू झालं आणि प्रोग्रॅम बंद. तो त्या युजरच्या नावाने चालणार आणि फाइली साहेबांच्या कुलपात. फॅटची पावती निघेना, आणि पावतीशिवाय दूध ओतून घ्यायचं नाही हा नियमही साहेबांचाच. रांग रस्त्यावर गेली, ऊन चढू लागलं. एक बाई किटलीवर ओलं फडकं टाकत म्हणाली, "पावणं, दूध नासलं तर काय तुमच्या कॉम्प्युटरला पाजायचं?" तिच्या म्हशीने आणि तिने काय गुन्हा केला होता?

"समदं माझ्या नावावर हाय की, मग का चालंना?" चेअरमन गरजले.

"म्हणूनच, साहेब."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. तेव्हा कुठे साहेब हळू आवाजात म्हणाले, "करा काय ते. पर एक तरी फाइल माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या. निवडणूक हाय."

मी सगळ्या फाइली त्या युजरला परत दिल्या. पावत्या सुटल्या, दूध वाचलं. मग साहेबांसाठी एक नवी फाइल केली, तिला 'मुख्य' असं नाव दिलं, आत काहीच ठेवलं नाही. साहेब अजून रोज येऊन ती आपल्या नावावर आहे ना, एवढं बघून जातात. उघडून काही बघितलेली नाही.