नाडीची गाठ

डबा खाऊन झाल्यावर आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस कमलताई परकरात नाडी ओवत बसल्या होत्या. पिन मध्येच अडली. "गाठ आधीच मारली की हो मी!" म्हणत त्यांनी नाडी मागे ओढली.

मी बघतच राहिले. जिवाणूंमध्ये जन्मभर मी हेच तर पाहत आले. प्रथिनाला पेशीबाहेर जायचं तर सरळ धाग्यासारखं जावं लागतं. आतच त्याची घडी पडली की ते दारात अडतं. म्हणून दुसरं एक प्रथिन त्याला तोवर मोकळं धरून ठेवतं.

तरुणपणी मला परदेशातून बोलावणं आलं होतं, मी गेले नाही. माझी घडी लवकर पडली, की मला कुणी धरलंच नाही? की मी आत राहण्यासाठीच होते? पेशीच्या आतच काम करणारी प्रथिनंही असतातच. पुढच्या महिन्यात निवृत्त होईन, आणि हे काही उलगडत नाही.

"ताई, गाठ मारूच नका ना."

"मग नाडी आतच हरवते, मॅडम. मारायची, पण बाहेर आल्यावर."

बाहेर आलो हे कळतं कसं, असं विचारणार होते. तोवर त्यांनी दोन्ही टोकांना गाठी मारून परकराची घडीही घातली होती.