जाऊबाईंच्या टाचा

मागच्या श्रावणात मुलुंडला नात्यातल्या एका मंगळागौरीत बसफुगडी घालताना मी मागे कलंडले आणि सगळ्यांसमोर फतकल मारून बसले. उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकत नाचायचं, एवढंच. लहानपणापासून माझा हातखंडा खेळ! मोठ्या जाऊबाई हसत हसत म्हणाल्या, "तू आता आरतीचं ताट धर गं. उगाच हाडं मोडून घेशील." मी घरी पोचायच्या आत माझ्या पडण्याचा व्हिडिओ त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलाही. माझं डोकंच फिरलं. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, म्हणजे पुढची मंगळागौर त्यांच्याच घरची. तिथे याच बाईला फुगडीत लोळवायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

गुडघे गेले असं समजून बोरिवलीतल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. तिने गुडघ्यांना हातसुद्धा लावला नाही. "काकू, हात वर करा आणि उकिडव्या बसा. टाचा उचलू नका हं." टाचा उचलल्याच. मग तिने टाचांखाली एक पातळ फळी सरकवली, तर मी अलगद खाली बसले!

"गुडघे झकास आहेत तुमचे. घोटे आखडलेत. ते वाकत नाहीत ना, म्हणून तोल मागे जातो."

व्यायाम सोपा होता. पाऊल भिंतीपासून जरा लांब ठेवायचं, टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. रोज सकाळी दूध तापेपर्यंत मी स्वयंपाकघरात तेच करायचे. भिंतीवर जाऊबाईंचं तोंड आहे असं समजून करायचे, त्यामुळे कंटाळा कधी आला नाही.

यंदा त्यांच्या लेकीच्या मंगळागौरीला हॉलमध्ये मीच त्यांना हात धरून ओढलं. "वहिनी, चला, बसफुगडी! घाबरलात की काय?" त्या खाली बसल्या आणि माझी नजर थेट त्यांच्या टाचांवर गेली. दोन्ही अधांतरी. मी वेग वाढवला. बघता बघता बाई पैठणीसकट आडव्या. मी आरतीचं ताट आणून त्यांच्या हातात दिलं. व्हिडिओ काढायला माझ्या भाचीला आधीच उभं केलं होतं.

तेव्हापासून त्या गुडघ्यांना तेल चोळताहेत. परवा त्यांचा फोन आला. "तू नक्की काय केलंस गं? मला पण सांग ना."

"काही नाही हो वहिनी, देवाची कृपा. तुम्ही तेल चालू ठेवा."

घोट्याचं नाव मी काढलं नाही. भिंत त्यांच्याही स्वयंपाकघरात आहे.